२१,००० च्या आत

भांडी घासून झाली की आक्का पदराला हात पुसत मोरीच्या उंबऱ्याशी जरा टेकतात. चहा तिथंच. त्या दिवशी चहा बाजूला सारून त्यांनी कमरेची पिशवी उघडली आणि घड्या पडून पडून कापडासारखा मऊ झालेला कागद काढला. "ताई, ह्यो जरा बघा की." म्हाताऱ्या माणसांना महिन्याला पेन्शन देणाऱ्या सरकारी श्रावणबाळ योजनेचा अर्ज होता. सेतू केंद्रातल्या पोरानं पेन्सिलीनं फुल्या मारून दिल्या होत्या, इथं फोटो, इथं अंगठा. मी पेन घेऊन बसले. नाव झालं, पत्ता झाला. आधारवर त्यांची जन्मतारीख १ जानेवारी आहे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्या १ जानेवारीलाच जन्मल्यात, त्यामुळं त्यावर कुणी काही बोलत नाही. मग उत्पन्नाचा रकाना आला. "कुटुंबात मिळवतं कोण?" मी मोठ्यानं वाचलं. आक्कांनी दाराकडं पाहिलं. बाहेर त्यांचा मुलगा गाडीवर बसून मोबाईल चाळत होता, आईला न्यायला आलेला. त्या पुढं सरकल्या आणि जवळजवळ माझ्या कानात म्हणाल्या, "कुणी न्हाई म्हणून लिवा. आन् मोठ्यानं वाचू नगासा."

मुलगा शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाला आहे. त्याचं रेशनकार्ड कधीच वेगळं झालंय. आक्कांच्या कार्डावर त्या एकट्या, पोराच्या कार्डावर तो, सून आणि नात. कागदोपत्री दोन चुली आणि घरात गॅसची टाकी एक. यात काही लपूनछपून नव्हतं. कार्ड वेगळं करायची कल्पना मुलाचीच, रांगेत उभाही तोच राहिला होता. पण कार्ड फोडणं निराळं आणि 'मला बघणारं कुणी नाही' असं पोराच्या देखत मोठ्यानं वाचून घेणं निराळं. मुलगा बघतो. आईला आणायला येतो, डोळ्यांचं ऑपरेशन त्यानंच करून आणलं. ती हळू झालेली त्यांची आवाजाची पट्टी नंतर कितीतरी दिवस माझ्या डोक्यात फिरत राहिली.

अट अशी आहे की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत पाहिजे. संजय गांधी निराधार योजनेलाही हाच आकडा, श्रावणबाळलाही हाच, आणि तो कित्येक वर्षं जागचा हललेला नाही. १२ नं भागलं तर महिन्याला १,७५०. दिवसाला ५८ रुपयेसुद्धा पडत नाहीत. गोकुळची म्हशीच्या दुधाची लिटरची पिशवी त्यात येत नाही. कोल्हापुरात राहून एवढ्यात जगणारं कुटुंब मला तरी दाखवा. आणि खरोखरच एवढ्यात जगणारं कुणी असलंच तर ते सेतूपर्यंत पोचायचं नाही, कारण फोटो, झेरॉक्स, वडापच्या जीपचं भाडं, दिवसाची बुडालेली मजुरी यातच त्याचा आठवडा संपेल. हे सगळ्यांना माहीत आहे. फुल्या मारून देणाऱ्या पोराला, दाखल्यावर सही करणाऱ्याला, अर्ज मंजूर करणाऱ्या समितीला. सगळे मिळून डोळ्यावर कातडं ओढतात आणि म्हणूनच एखाद्या म्हातारीच्या खात्यात पैसे जमा होतात. दया कुठं असेल तर ती त्या ओढलेल्या कातड्यात आहे, हे कबूल करायला हवं. तरीही मला ते पटत नाही. जो नियम वाकवल्याशिवाय भलं करता येत नाही, तो वाकवणाऱ्याच्या मर्जीवर चालतो. तुमचं तोंड बरं असेल, ओळखपाळख असेल, तर वाकतो. नसेल तर तोच माणूस नियमावर बोट ठेवून दाखवतो. आणि बोट ठेवणारा चुकलाय असंही म्हणता येत नाही, कारण नियम तसाच आहे.

गंमत म्हणजे २१,००० हा आकडा त्याच घरात आणखी एका कागदावर आहे. कामगार राज्य विमा योजना, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो, तिची पगाराची मर्यादा २०१७ पासून २१,००० आहे, पण महिन्याला! महिन्याला २१,००० पर्यंत मिळवणाऱ्या कामगाराला आधाराची गरज आहे, असं एक खातं मानतं. वर्षाला २१,००० च्या वर एक रुपया गेला की घर आपलं आपण बघू शकतं, असं दुसरं खातं मानतं. एकाच छताखाली हे दोन्ही. मुलाच्या पगारातून ईएसआयचे पाऊण टक्का कापले जातात, मालक सव्वातीन टक्के भरतो. मध्यंतरी भट्टीशी काम करताना त्याच्या पायावर तापलेला रस उडाला. बुटाच्या वर, घोट्याशी. औषधपाणी ईएसआयमधून झालं आणि घरी बसला तेवढ्या दिवसांचा ९० टक्के पगार मिळाला, कारण कामावरचा अपघात होता. आक्का तेव्हा सांगायच्या, "कंपनीनं दिलं." मी म्हटलं, कंपनीनं नव्हे, विम्यानं दिलं. त्यावर त्यांनी विचारलं, "मग आमाला का न्हाई वो?" आमाला म्हणजे घरोघर भांडी घासणाऱ्यांना. कारण त्यांना मालक नाही. म्हणजे आहेत, गल्लीभर आहेत, त्यातले एक आम्हीही आहोत, पण पाऊण आणि सव्वातीन टक्के भरायला बांधलेला असा कुणी नाही. घरेलू कामगारांसाठी राज्यात २००८ चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे, नोंदणी आहे. आक्कांची नोंदणी नव्हती. त्यांनी आयुष्यभर केलेल्या कामाचा कुठल्याही रजिस्टरात एक ओळीचाही पुरावा नाही. पासष्टी ओलांडल्यावर सरकारदरबारी त्या पहिल्यांदा उगवल्या, त्याही निराधार म्हणून.

माझ्या आजोळी, पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला, शेजारी एक म्हातारी होती. सगळं गाव तिला आत्ती म्हणायचं. नवरा लवकर गेलेला, पुतण्याच्या सोप्यात एका कोपऱ्यात तिची वळकटी, ट्रंक आणि पानाची चंची. संजय गांधी योजना १९८० ची. मी सुट्टीला जायचे तेव्हा ती चांगली रुळलेली होती, आणि आत्तीचे पैसे पोस्टात यायचे. पोस्टमन सायकल भिंतीला टेकवायचा आणि आत्ती आतून येईपर्यंत घरातलं वातावरण कसं बदलायचं ते मला अजून आठवतं. पुतण्याची बायको, एरवी जिच्या तोंडून आत्तीच्या नावानं सरळ शब्द निघायचा नाही, ती त्या दिवशी "आत्ती, पोस्टमन आलाय" असं गोड हाक मारून सांगायची. चहाचा पहिला कप आत्तीला. रक्कम कितीशी असणार! पण आत्ती तंबाखू स्वतःच्या पैशानं आणायची, जोतिबाच्या यात्रेत पोरांच्या हातावर सुटे पैसे ठेवायची, आणि पुतण्यानं कधी अडचणीत दहा रुपये मागितले तर देताना "कधी देतोस?" असं विचारायची. ते विचारण्यातलं सुख तिच्या चेहऱ्यावर मावायचं नाही. सगळं गाव त्या पैशाला पगार म्हणायचं. पुढं केव्हातरी पोस्टमन दोन-तीन महिने आलाच नाही आणि आत्तीची वळकटी सोप्यातून गोठ्याकडच्या पडवीत सरकली. पैसे परत सुरू झाल्यावर ती सोप्यात परत आली की नाही, ते मला माहीत नाही. सुट्टी संपली होती.

सरकारी मदतीबद्दल कुणी "फुकटचं खायची सवय लागली" म्हणालं की मला ती पडवी आठवते.

हे वाक्य आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा म्हटलं ते काकांनी. काका निवृत्त हेडक्लार्क, शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ राहतात, आणि सवलत, अनुदान, माफी हे शब्द ऐकले की त्यांच्या कपाळावर आठी ठरलेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. काका-काकू आमच्याकडं आले ते औषधांची पिशवी, पासबुकं आणि देवघरातला बाळकृष्ण एवढंच घेऊन. पाणी उतरल्यावर आम्ही सगळे घर साफ करायला गेलो. त्या वासाचं वर्णन करता येत नाही. चिखल, डिझेल, कुजलेलं धान्य आणि ओल्या पुस्तकांचा एक आंबूस दर्प, सगळं एकत्र. फ्रिज आडवा पडलेला, कपाटाची प्लायवूडची दारं फुगून पानासारखी सुटलेली. आणि भिंतीवर, माझ्या खांद्याच्या वर, पट्टीनं आखल्यासारखी एक तपकिरी रेघ.

पंचनाम्याला दोन तरुण मुलं आली. एकाच्या हातात फॉर्म, दुसऱ्याच्या हातात मोबाईल. त्यांनी फार अदबीनं विचारलं, "काका, आत येऊ?" आणि गुडघ्यापर्यंत पँट दुमडून ते थेट स्वयंपाकघरात गेले. काय काय गेलं? काकू सांगू लागल्या. गव्हाची कोठी, मिक्सर, गाद्या. फोटो काढणाऱ्यानं काकांना त्या रेघेशेजारी उभं राहायला सांगितलं, पाणी कुठवर आलं होतं ते कळावं म्हणून. काका उभे राहिले. तीस-पस्तीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले, ते गाळानं भरलेल्या बनियनवर भिंतीला पाठ लावून उभे, आणि समोर त्यांच्या नातवाच्या वयाचा मुलगा म्हणतोय, "जरा डावीकडं काका, रेघ झाकतीय." शहरात सानुग्रह अनुदान १५,००० होतं, खेड्यात १०,०००. त्यातले ५,००० रोख मिळायचे आणि उरलेले खात्यावर. काका रोख घ्यायला रांगेत गेले, मी सोबत होते. पुढंमागं सगळी ओळखीची तोंडं, दुकानदार, सोनार, एक डॉक्टरीणबाई, कुंभार गल्लीतले गणपतीवाले, ज्यांच्या मूर्ती सणाच्या तोंडावर चिखलात विरघळल्या होत्या. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. घरी येताना काका म्हणाले, "आपल्याला नको होतं खरं म्हणजे." थोड्या वेळानं म्हणाले, "पण गाद्या तरी होतील." त्यानंतर फुकटचं हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही असं लिहायला आवडलं असतं. ऐकलंय. पण आता ते वाक्य सुरू करतात आणि काकू नुसत्या त्यांच्याकडं बघतात.

आपल्याकडं २६ जूनला दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार पडतात, सामाजिक न्याय दिन म्हणून भाषणं होतात. १८९६-९७ च्या दुष्काळात महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं काढली, पुढं गावाकडच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली. चौकात उभं राहिलं तर मुस्लिम बोर्डिंग समोरच आहे. कोल्हापूरच्या माणसाला हे नव्यानं सांगायला नको. मला त्या गर्दीत वेगळंच वाटत राहतं. राजा पागोट्याखालचं तोंड बघून ओळखायचा की माणूस खरा अडलाय. शासन निर्णयाला डोळे नसतात, म्हणून तो दाखला मागतो. दाखल्याचा जाच आहेच. पण त्यात एक सोयही आहे, कुणाच्या पाया पडावं लागत नाही. निदान पडावं लागू नये. अलीकडं खात्यात पैसे जमा होताच चौकाचौकात कुणाकुणाचे हात जोडलेले फोटो लागतात, भाऊ, दादा, साहेब, आणि म्हाताऱ्या माणसांना खरंच वाटतं की त्यांनी ते खिशातून दिले. आक्कांनी तर अर्ज मंजूर झाल्यावर विचारलं होतं, "पेढे कुणाला न्यायचे वो?"

पैसे कुणाच्या खिशातून जातात हे मला माझ्या पगारपत्रकावरून माहीत आहे. व्यवसाय कर, दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. नोकरीला लागले तेव्हा फेब्रुवारीतले ते वरचे शंभर का, म्हणून मी अकाउंट्सवाल्यांशी वाद घातला होता. तेव्हा तिथल्या एका जुन्या माणसानं चष्मा वर करून सांगितलं, "रोजगार हमीचे आहेत ते." १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांचे लोंढे राज्यानं पाहिले. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी आधीच मांडून ठेवलेली कल्पना तेव्हा राज्यभर पसरली, मागेल त्याला काम. त्यासाठी पैसा हवा, म्हणून १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांवर हा कर बसला, आणि रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. देशाचा कायदा यायला २००५ उजाडलं. पंचगंगेकाठच्या बागायती माणसाला दुष्काळाची झळ तशी कमीच, पण दुष्काळी गावात फुटणाऱ्या खडीचे पैसे इथल्या कारकुनांनीही भरले, बहुतेकांनी माहीत नसताना. मला हे फार आवडतं. कुणी कुणाला ओळखत नाही, कुणाचा फोटो नाही, आभार नाहीत. आणि मागणाऱ्याकडून गरिबीचा पुरावाही मागितला नव्हता. उन्हात खडी फोडायला जो तयार आहे तो गरजू, संपलं. म्हाताऱ्यांना अर्थातच ही कसोटी लावता येत नाही.

आक्कांच्या खात्यात पैसे यायला लागले. दीड हजार. २०१९ पर्यंत ही रक्कम ६०० होती, मग १,००० झाली, २०२३ मध्ये १,५००. यादीतल्या दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्यांसाठी यात केंद्राचा वाटा असतो, साठ ते एकोणऐंशी वयाला महिना २०० रुपये, आणि ते २०० दीड दशकाहून अधिक काळ २००च आहेत. बँकेला मोबाईल नंबर मुलाचा दिलाय, त्यामुळं मेसेज त्याला जातो. फाउंड्रीतून फोन करून तोच सांगतो, "आई, तुझा पगार आला." ज्याला कागदावर पुसून टाकलं तोच! पहिल्या पैशातून आक्कांनी नातीला पायातल्या पट्ट्या घेतल्या आणि स्वतःला गुडघ्याचा पट्टा. दुसऱ्या महिन्यापासून आमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरचं काम सोडलं, जिथं मोरी खाली आहे आणि बसून घासावं लागतं. "तेवढं परवडतंय आता," म्हणाल्या. पंधराशे रुपयांनी काय होतं असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते. एक मोरी सुटते.

आईला वडिलांच्या मागं कुटुंब निवृत्तीवेतन मिळतं. तिला कधीच कुणी विचारलं नाही की तुम्हाला मुलगी बघते का. नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीची सही करायची, त्यासाठी ती ठेवणीतली इरकल नेसते, येताना ओळखीच्या चार बायकांबरोबर पोहे खाऊन येते. आक्कांनाही वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या त्याला 'जित्ती हाय म्हणून सांगायला जातो' म्हणतात. आईची पेन्शन महागाई भत्त्यानं वाढते, जानेवारीचा आणि जुलैचा असे वर्षाचे दोन. आक्कांच्या दीड हजाराला महागाई माहीतच नाही. दोघी भाजी आणतात कपिलतीर्थ मंडईतूनच, आणि मेथीच्या जुडीचा भाव दोघींना एकच आहे.

परवा आई मेथी निवडत बसली होती आणि मी हे सगळं तिला सुनावत होते. २१,००० ची अट काढली पाहिजे, त्या पैशाला भत्ता जोडला पाहिजे, म्हातारपणाचं पेन्शन म्हातारपण बघून द्यावं, पोरगा बघून देऊ नये. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या पगारातनं जास्त कापणार." मी म्हटलं, व्यवसाय कर वर्षाला २,५०० च्या पुढं नेताच येत नाही, घटनेतच मर्यादा आहे.

"मग दुसरं काहीतरी काढतील," आई म्हणाली. पिवळी पानं एका बाजूला सारली. "काढू देत की."